वनाचा वर्ण आणि उन्हाचा जमाखर्च

चैत्राच्या दुपारीं चोपड्याच्या किंवा यावलच्या बाजूनें उत्तरेकडे दृष्टि टाकली असतां सातपुड्यावर तीन रंग दिसतात: सागाचीं व सालईचीं पानें गळून उघडी पडलेली पिंगट जमीन, वणव्यानें करपलेले काळे पट्टे, आणि नाल्यांच्या कांठीं तग धरून राहिलेली थोडीशी हिरवळ. आषाढ-श्रावणांत तोच डोंगर गर्द हिरवा होतो. हा वर्णभेद कवीच्या कामाचा, असें आपण समजतों. परंतु पुढील शंभर वर्षांचें हवामान गणितानें जाणूं पाहणाऱ्या शास्त्रज्ञांसही त्याची नोंद घ्यावी लागते.

जमिनीवर पडलेल्या उन्हाचा कांहीं भाग ती परत फेंकते व उरलेला पिऊन तापते. परत जाणाऱ्या भागाच्या प्रमाणास शास्त्रांत 'अल्बेडो' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांढरेपणा. आपण त्यास 'धवलांक' म्हणूं. ताज्या बर्फाचा धवलांक शेंकडा ८० च्या वर, गवताचा व पिकांचा २० च्या आसपास, आणि दाट अरण्याचा १० ते १५. आपली काळी कपाशीची जमीन भिजली म्हणजे शेंकडा १० च्या आंतबाहेरच ऊन परत देते. ढगांसह सबंध पृथ्वीचा धवलांक सुमारें ३० धरतात.

भूगोल शिकवितांना मी मुलांस 'जंगल म्हणजे गारवा' एवढेंच सांगत असें. एकदां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, काळी टोपी उन्हांत जास्त तापते, मग काळसर जंगल थंड कसें?" वेळ नाहीं, असें म्हणून मीं त्यास खालीं बसविलें. खरी गोष्ट अशी, कीं प्रश्न योग्य होता आणि उत्तर मजजवळ नव्हतें. तें आज देतों.

जंगल अधिक ऊन पितें, हें खरेंच. परंतु त्या उन्हाचा मोठा भाग, मुळांनीं ओढलेलें पाणी पानांवाटे वाफ करून सोडण्यांत खर्ची पडतो. पाझरणाऱ्या माठांतील पाणी ज्या न्यायानें गार होतें, त्याच न्यायानें रान गार राहतें. उघडें माळरान थोडें अधिक ऊन परत देतें, पण वाफ करावयास त्याजवळ पाणी नसल्यामुळें उरलेली उष्णता हवा तापविण्यांतच जाते. जमेचा रकाना पाहून खर्चाचा झांकला, म्हणजे हिशेब चुकतो. त्यांतून आपलें रान पानगळीचें. वैशाखांत त्याचा हा बाष्पव्यापार मंदावतो, व खरा लाभ पावसाळ्यांत आणि त्यानंतरच्या महिन्यांत मिळतो. म्हणजे जंगल आहे कीं नाहीं, एवढें सांगून भागत नाहीं. त्यावर पान कधीं असतें, हेंही सांगावें लागतें.

सैबेरियांत व कॅनडांत मात्र गणित उलटें फिरतें. तेथें सूचिपर्णी झाडें बर्फास झांकून ठेवितात. तीं तोडलीं कीं बर्फ उघडें पडतें, ऊन परत जातें व तो प्रदेश थंड होतो. त्याचें आपणांस काय, असें कोणास वाटेल. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या गणितांत, उत्तर गोलार्धाच्या मध्य व उच्च अक्षांशांवरील जंगल सरसकट काढलें असें धरून पाहिलें. उत्तरेकडील प्रदेश थंड झाल्यामुळें विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेस सरकला, आणि भारताचा पाऊस शेंकडा १८ नें घटला. हें भाकित नव्हे, कल्पून पाहिलेली स्थिति आहे. पण झाडाच्या रंगाचा परिणाम किती दूरवर पोंहोंचतो, हें त्यावरून कळतें.

अशीं गणितें करण्यासाठीं संगणकावर पृथ्वीचें एक प्रतिमान रचतात व तिच्या पृष्ठभागाचे चौकोन पाडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनेंही असें प्रतिमान तयार केलें आहे. चौकोनाची बाजू बहुधा १०० ते २०० किलोमीटर असते. जळगाव व धुळें यांमधील अंतर सुमारें ९० किलोमीटर. तेव्हां रावेरच्या केळीच्या बागा, तापीकांठची कपाशी, पांझरेवरील धुळें शहर आणि सातपुड्याचा साग, हीं सर्व एकाच चौकोनांत सामावूं शकतात. त्यांत झाड इतकें, पीक इतकें, गवत इतकें, असे वांटे पाडून प्रत्येकास त्याचा धवलांक लावतात. परंतु वर्गाची सरासरी पन्नास गुण आली, म्हणून नापास झालेला मुलगा पास होत नाहीं.

त्याहून अवघड गोष्ट काळाची. रान मोडतें तें कुऱ्हाडीनें, आगीनें वा अवर्षणानें, थोड्या दिवसांत. उभें राहतें तें वर्षानुवर्षांनीं. मोहाचीं फुलें वेंचणें सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची वहिवाट आहे, व कधीं ती आग हाताबाहेर जाते. जमीन काळी पडते आणि ऐन कडक उन्हांत अधिक तापते. मोठें झाड बहुधा जगतें, व पावसाबरोबर काळेपणा नाहींसा होतो. ह्या आगीस जंगलाचा मृत्यु समजणारें गणित चुकेल, आणि ती मुळींच न मोजणारेंही चुकेल. कारण कोंवळीं रोपें तींत जळतात. दरवर्षीं जळणारें रान वरून उभें दिसलें, तरी आंतून म्हातारें होत जातें. १९९९ सालीं सोडलेल्या 'टेरा' उपग्रहाच्या मोजण्यांत अर्ध्या किलोमीटरचे पट्टेही उमटले. पण तो बारकावा मोठ्या चौकोनांत उतरविण्याचें काम अद्याप पुरें झालेलें नाहीं.

खानदेशांत उद्यां ऊन किती व पाऊस किती, ह्यावर आपल्या विहिरी, पिकें आणि घरांतील वृद्धांचें व मुलांचें आरोग्य अवलंबून आहे. दप्तरांत 'वन' लिहिलें, म्हणून टेकडीस पानें फुटत नाहींत. यास्तव ज्यांचें शेत किंवा आजोळ सातपुड्याच्या पायथ्याशीं आहे, त्या घरांतील मुलांनीं पंचांगाच्या कोऱ्या जागेंत दरवर्षीं तीन तिथि लिहून ठेवाव्या: पानगळ केव्हां झाली, वणवा केव्हां लागला, पालवी केव्हां फुटली. चौकोनाच्या सरासरींत हरवलेलें आपलें रान निदान त्या नोंदींत सांपडेल.

माझ्या त्या विद्यार्थ्याचा मुलगा आतां शाळेंत जात असेल. त्यानें हाच प्रश्न विचारला, तर त्यास कोणीं खालीं बसवूं नये.