इन्स्पेक्टर येऊन गेले, आता पुढे?

भोसरीहून एका भगिनीचं पत्र आलंय. तिचे मिस्टर कंत्राटदारामार्फत एका कारखान्यात पॉवर प्रेसवर कामाला होते. साच्यात पत्रा ठेवताना प्रेस खाली आला आणि उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली. वय पस्तीस, पगार १४ हजार, दोन मुलं शाळेत. ती लिहिते, "चौथ्या दिवशी सरकारी इन्स्पेक्टर आले, मशीन बघितलं, लिहून घेतलं आणि गेले. महिना झाला. पैसे कधी येतील ते कुणी सांगत नाही. आता सुपरवायझर ३० हजार घेऊन आलेत आणि एका कागदावर सही मागताहेत. त्यावर 'माझ्या निष्काळजीपणामुळे इजा झाली, काही तक्रार नाही' असं आहे. सही करावी का?"

बाई, सही करू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आधी.

आता इन्स्पेक्टरबद्दल. आपल्यापैकी पुष्कळजणींची समजूत अशी की सरकारचा माणूस येऊन गेला म्हणजे भरपाईचं काम मार्गी लागलं. तसं नसतं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी येतो तो मशीनची आणि मालकाची चौकशी करायला. प्रेसला गार्ड होता का, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालू नये अशी सोय होती का, असली तर ती कुणी काढून टाकली, काम शिकवलं होतं का, हे तो बघतो. (नव्या कायद्यात त्याच्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक झालंय. आपण आपलं इन्स्पेक्टरच म्हणू.) दोष दिसला तर तो मालकावर खटला भरू शकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना फॅक्टरी कायदा जाऊन त्या जागी नवी संहिता आली. सुरक्षेचे नियम मोडल्यामुळे गंभीर इजा झाली, तर तिच्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही सांगितलेत. माणूस दगावला तर दंड कमीत कमी ५ लाख. या दंडातली निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम जखमी माणसाला किंवा त्याच्या वारसांना द्यावी, असं कोर्ट सांगू शकतं. पण तो खटला उभा राहील, निकाल लागेल, तेव्हाची ती गोष्ट. घरात आज डाळ-तांदूळ आणायचे आहेत, त्याचा रस्ता निराळा आहे आणि त्या रस्त्यानं आपल्यालाच चालत जावं लागतं.

तरीही इन्स्पेक्टरला मिस्टरांचा जबाब मिळालाच पाहिजे. दवाखान्यात असताना राहून गेला असेल तर लेखी अर्ज देऊन तो नोंदवून घ्या, आणि त्या वेळी सुपरवायझर शेजारी नको. चौकशीच्या अहवालाची नक्कल माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाची फी दहा रुपये.

आता पैशांचं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ईएसआय, म्हणजे राज्य विमा, लागू असतो. तुम्ही म्हणता, "कार्डच काढलेलं नव्हतं." कार्ड काढणं ही मालकाची जबाबदारी होती, ते नाही म्हणून तुमचा हक्क जात नाही. कामावरच्या अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. महामंडळ तुम्हाला देतं आणि मालकाकडून वसूल करतं. एका गोष्टीकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा. अपघात झाल्यावर घाईघाईनं कार्ड काढतात आणि कामावर लागल्याची तारीख कालपरवाची टाकतात. खरी तारीख लिहायला लावा. जुनी पगारपावती, बँकेचं पासबुक, गेटपास, जे असेल ते पुढे करा.

दुसरी गोम अशी की अपघात 'आजारपण' म्हणून नोंदवतात. आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात आणि तेही वर्षात ९१ दिवसच. कामावरच्या इजेत बरं होईपर्यंत ९० टक्के मिळतात आणि पुढे कायमचं अपंगत्व ठरलं तर जन्मभर दरमहा पैसे. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या तक्त्यात कमाईची हानी २० टक्के धरली आहे. १४ हजार पगारावर हिशोब करा: ९० टक्के म्हणजे १२,६००, त्याचे २० टक्के म्हणजे साधारण अडीच हजार रुपये महिना, जिवंत असेतोवर. आता ते ३० हजार शेजारी ठेवून बघा. एका वर्षातच ते फिटतात!

कारखाना लहान असेल, विमा लागूच नसेल, तर मालकानं एकरकमी भरपाई द्यायची. तिथे वयाप्रमाणे आकडा ठरलेला आहे, पस्तिसाव्या वर्षाचा १९७.०६. पगाराच्या ६० टक्क्यांना त्यानं गुणायचं आणि त्याचे २० टक्के घ्यायचे. १४ हजारांवर हे ३ लाख ३१ हजार होतात. महिन्याच्या आत दिले नाहीत तर वर व्याज. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा. तुम्ही गावी परत गेला असाल तर तिकडूनही करता येतो. कंत्राटदार पळून गेला तर मूळ कारखानदार जबाबदार.

"पण चूक ह्यांचीच होती असं सगळे म्हणतात," असं तुम्ही शेवटी लिहिलंय. म्हणू देत. घाईत, थकव्यात हात पुढे गेला म्हणून भरपाई जात नाही. दारू पिऊन काम केलं, मुद्दाम हुकूम मोडला किंवा मुद्दाम गार्ड काढला, असं मालकानं सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. आणि मृत्यू झाला असेल तर तीही सबब चालत नाही. हक्क सोडून दिल्याच्या कागदालाही कायदा किंमत देत नाही. मग सही करायला हरकत काय, असं कुणी विचारेल. हरकत अशी की त्या कागदात अपघाताची खोटी हकीगत असते आणि ती पुढे वर्षानुवर्षं खोडत बसावी लागते.

ज्यांच्याकडे अजून असं काही घडलेलं नाही त्यांनीही एवढं घरात सांगून ठेवा: दवाखान्यात केसपेपरवर "कामावर, मशीनमध्ये" हेच शब्द यायला हवेत. कारखान्याचा माणूस बरोबर येतो आणि गोडीगुलाबीनं "घरी दारात बोटं सापडली म्हणा, बिल आम्ही भरतो" असं सांगतो. त्या धांदलीत बायको मान हलवते. बिल भरलं जातं एकदा. केसपेपर मात्र कायमचा राहतो.

वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि कारखान्यातल्या कामगारांना तिथे फुकट वकील मिळतो, मिळकतीची अट न घालता. जाताना केसपेपर, पगाराचा पुरावा, आधार आणि अपघाताच्या वेळी शेजारच्या मशीनवर कोण होतं त्यांची नावं घेऊन जा. अर्ज दिला की पोच मागा आणि अर्जाचा नंबर दुधाच्या हिशोबाच्या वहीत लिहून ठेवा. ती वही घरात कधी हरवत नाही.