फोन घेताना बाहेरचं दारही पाहून घ्या



श्रुतपंचमीच्या आदल्या शनिवारी माझा फोन ओट्यावरून थेट शहाबादी फरशीवर पडला. मी पाणी गाळत होते, हात ओले होते आणि तेवढ्यात पुण्याहून लेकाचा फोन आला. एका हातात गाळणं, दुसऱ्यात फोन. जे व्हायचं ते झालं. काच तडकली, वरचा अर्धा पडदा काळा झाला आणि खालच्या अर्ध्यावर बोट फिरवलं तरी काही हलेना. फोन वाजायचा, पण उचलता यायचा नाही.

मंद्रूपच्या बाजारात दाखवला. दुरुस्त करणाऱ्या मुलाने सांगितलं, "काकू, डिस्प्ले सोलापुराहून मागवावा लागेल. पाच हजार धरा. फोनला सहा वर्षं झालीत, एवढे पैसे घालू नका." म्हणजे नवा फोन घेणं आलं.

मग घरात दोन पक्ष पडले. लेक म्हणाला, "आई, आता आयफोनच घे. मी घेऊन देतो, हप्ते मी भरेन. आठ वर्षं बघायला नको." अहो म्हणाले, "सवयीचा अँड्रॉइड घे, पंधरा हजारांच्या आतला. तुला फोनवर रॉकेट उडवायचं नाही." नणंदबाईंनी बार्शीहून आपलं मत कळवलं, की आयफोनचे फोटो चांगले येतात. जाऊबाई म्हणाल्या, आयफोनवर मराठी धड लिहिता येत नाही.

आठवडाभर मी दोन्ही बाजूंचं ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, की यातली बरीच भांडणं जुनी झालीत. आयफोन जास्त वर्षं चालतो म्हणतात, ते बरोबर आहे. पण आता सॅमसंग आणि गुगलही आपल्या महागड्या फोनना सात वर्षं अपडेट द्यायचं वचन देतात. स्वस्त फोनला मात्र तेवढी वर्षं मिळत नाहीत, हे अहोंना मान्य करावं लागलं. चार्जरचं भांडण २०२३ मध्ये मिटलं. युरोपने सगळ्या फोनना एकच पिन सक्तीची करायचा कायदा केला आणि आयफोन १५ पासून तीच पिन आली जी आपल्या घरातल्या बाकी फोनना आहे. मराठीचं म्हणाल, तर अँड्रॉइडमध्ये सगळा फोन मराठीतून वापरायची सोय २०१४ पासून आहे. आयफोनमध्ये ती २०२५ मध्ये आली. उशिरा आली, पण आली. जाऊबाईंचा मुद्दाही गेला.

कोणती कंपनी जास्त सज्जन, हा वाद तर घालूच नका. अँड्रॉइडच्या जोरावर दुसऱ्यांची वाट अडवली म्हणून आपल्या भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आणि ग्राहकाला आपल्या फोनमध्ये अडकवून ठेवता असा आरोप करत अमेरिकेच्या सरकारने २०२४ मध्ये अ‍ॅपलवर खटला भरला. दोन्ही घरी मातीच्याच चुली.

मग खरा प्रश्न कुठला? तो मला फोन पडल्यावर तिसऱ्या दिवशी कळला.

माझ्या सासूबाई गेल्या दिवाळीनंतर गेल्या. शेवटची दोन वर्षं त्या धाकट्या दिरांकडे सोलापूरला होत्या. डोळ्यांनी दिसायचं कमी झालं होतं, म्हणून त्या लिहीत नसत. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवत. रोज सकाळी सामायिक झालं की त्यांचा आवाज यायचा. कधी आलोचना पाठाच्या दोन ओळी त्यांच्या चालीत, कधी "पापड घालायचे असतील तर उन्हाकडे बघ गं, ढग आलेत", कधी नुसतंच "जेवलीस का सूर्य असेतो?" शेवटच्या महिन्यातल्या संदेशांत तर बोलण्यापेक्षा श्वासच जास्त ऐकू यायचा. मी ते कधी दुसरीकडे ठेवले नाहीत. आहेतच की फोनमध्ये, असं वाटायचं.

दुकानातल्या मुलाने विचारलं, "काकू, बॅकअप आहे ना?" मी म्हटलं, आहे, आपोआप होतो. त्याने माझं खातं उघडून पाहिलं. शेवटचा बॅकअप चौदा महिन्यांपूर्वीचा होता. फुकट मिळणारी पंधरा जीबी जागा लग्नाच्या फोटोंनी आणि सुप्रभातच्या फुलांनी भरून गेली होती. २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्याच जागेत मोजतात, हे मला ठाऊक नव्हतं. जागा भरली आणि बॅकअप थांबला. फोन मला सांगत असणार, मी ते खाली ढकलत असणार. चूक माझीच. पण सासूबाईंचे शेवटचे महिने त्या फुटक्या फोनमध्येच होते, दुसरीकडे कुठेही नव्हते.

आणि मग दुसरी गोष्ट कळली. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गुगल ड्राइव्हमध्ये जातो, आयफोनवरचा आयक्लाउडमध्ये. एका घरचा बॅकअप दुसऱ्या घरी उघडत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर गप्पा न्यायच्या तर जुना फोन चालू हवा, त्यात एक अ‍ॅप टाकायला हवं आणि नवा आयफोन अगदी कोरा हवा. उलट दिशेने यायचं तरी दोन्ही फोन हातात लागतात. म्हणजे ज्याचा फोन फुटला त्याला घर बदलणं सगळ्यात अवघड. आणि बहुतेक लोक फोन बदलतात ते फुटल्यावरच!

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मंदिरात गेले तर श्रुतपंचमीसाठी शास्त्रं बाहेर काढली होती. आम्ही बायका धूळ झटकून नवी वेष्टनं बांधत होतो. तुम्हाला माहीतच आहे, आचार्य धरसेनांना वाटलं की ज्ञान नुसतं स्मरणात ठेवलं तर नष्ट होईल. त्यांनी ते पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना शिकवलं आणि षट्खंडागम लिहिला गेला. तो पूर्ण झाल्याचा हा दिवस. वेष्टनाची गाठ मारताना मला पुढची कथा आठवली, जी आपण सोलापूरच्या लोकांनी विसरू नये.

षट्खंडागमावरची धवला टीका शेकडो वर्षं एकाच ठिकाणी राहिली होती, कर्नाटकात मूडबिद्रीला. ताडपत्रं, त्यांवर जुनी कानडी लिपी. भाषा प्राकृत आणि संस्कृत मिश्र, पण लिपी वाचणारेच थोडे. यात्रेकरू जायचे, ताडपत्रांचं दर्शन घ्यायचे, डोकं टेकवून परत यायचे. वाचायला कोणाला मिळायचं नाही. भक्तीपोटीच सांभाळलं होतं, यात शंका नाही. पण एखादी आग, एखादी वाळवी, आणि सगळं संपलं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि आपल्या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी त्या ताडपत्रांची देवनागरीत नक्कल करवून घ्यायचं मनावर घेतलं. ते काम वीसहून अधिक वर्षं चाललं. नकला झाल्या तरी त्या सहजासहजी बाहेर आल्या नाहीत. शेवटी १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला खंड छापून आला आणि पुढे सोळा खंड पूर्ण झाले. आज सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने छापलेले ते खंड कोणीही घरी आणून वाचू शकतो.

फोनची आणि आगमाची बरोबरी करत नाहीये. पण शिकवण तीच आहे. एकाच जागी, एकाच लिपीत, एकाच किल्लीखाली ठेवलेली वस्तू सुरक्षित वाटते, असते असं नाही.

दुपारी भाचा आला. त्याने एक छोटी जोडणी लावून फुटक्या फोनला चक्क कॉम्प्युटरचा माऊस जोडला. खालच्या अर्ध्या पडद्यावर बाण फिरायला लागला. फोन आडवा केला की अक्षरं चांगल्या अर्ध्यावर यायची. तासभर खटपट करून त्याने फोनच्या आतली आवाजांची फाइलं पेनड्राइव्हवर घेतली आणि सगळी साध्या एमपी३ मध्ये बदलली. "मामी, आता हे आयफोनवर वाजेल, अँड्रॉइडवर वाजेल, मामांच्या गाडीतसुद्धा वाजेल." दोनशे अकरा संदेश निघाले. आम्ही पहिला लावला. "जेवलीस का सूर्य असेतो?" अहो उठून अंगणात गेले.

आता तुम्ही म्हणाल, हाही परिग्रहच की. गेलेल्या माणसाचा आवाज धरून ठेवणं म्हणजे मोहच. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रह वस्तूत सांगितलेलाच नाही, वस्तूवरच्या आसक्तीत सांगितला आहे. मान्य आहे. मी मुनी नाही, श्राविका आहे. आपल्याला सगळं सोडायला सांगितलेलं नाही, मर्यादा घालायला सांगितलं आहे. म्हणून दोनशे अकरा आवाज ठेवले आणि नऊ हजारांवर फोटो व फुलं पुसून टाकली. आणि खरं सांगू, आवाज फोनमध्ये अडकला होता तेव्हाच माझी आसक्ती जास्त होती. त्या फुटक्या डब्याला मी रात्री उशाशी घेऊन झोपत होते. आवाज बाहेर निघाला आणि डब्यातला जीव गेला.

तेव्हा माझं मत असं. अँड्रॉइड की आयफोन हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की उद्या मला इथून निघायचं झालं तर माझं काय काय माझ्याबरोबर येईल? दुकानदार आत यायचं दार दाखवतो. बाहेरचं दार आपणच शोधावं लागतं, आणि ते फोन चांगला असतानाच शोधावं. पूर्ण आयुष्य एका कंपनीच्या खात्यात ठेवून "मी हाच वापरते" म्हणणं ही निवड नव्हे, अडकणं आहे. मग ती कंपनी कोणतीही असो. ज्यांच्याकडे दहा वर्षं आयफोन आहे, त्यांनाही हे तितकंच लागू.

हे एकदा केलं की उरलेली निवड हलकी होते. माझी सामग्री पेनड्राइव्हवर मोकळी असल्यामुळे मी लेकाचा आयफोन घेऊ शकले असते. नाही घेतला. कारण साधं आहे. माझं काम म्हणजे फोन, व्हॉट्सअ‍ॅप, बँक, पंचांग आणि हे लिहिणं. त्यासाठी पाऊण लाख हे माझ्या मर्यादेबाहेरचं आहे, हप्ते लेकाने भरले तरी. आणि पुन्हा फरशीवर पडला तर मंद्रूपच्या बाजारात तो दुरुस्त व्हायला हवा. अहोंचं म्हणणं खरं ठरलं, चौदा हजारांचा अँड्रॉइड आला. लेकाला वाईट वाटलं. त्याला म्हटलं, तुला द्यायचंच असेल तर मंदिरात शास्त्रांसाठी एक चांगलं लाकडी कपाट दे. त्याने ते दिलं.

तुमच्या घरी लेक परदेशात असेल, तिच्या फोनशी तुमचं रोजचं जुळवायचं असेल, डोळ्यांना आयफोनच सोयीचा वाटत असेल, तर जरूर घ्या. त्यात कमीपणा नाही, मोठेपणाही नाही. फक्त आज संध्याकाळी जेवणं उरकली की दोन कामं करा. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते स्वतः उघडून पाहा, आपोआप होतो यावर विसंबू नका. आणि जे हरवलं तर रडू येईल, तेवढंच निवडून पेनड्राइव्हवर उतरवा. ज्या माणसाशी बोलणं झालं असेल, त्याच्या गप्पा व्हॉट्सअ‍ॅपमधून वेगळ्या काढायची सोय दोन्ही फोनमध्ये आहे. येत नसेल तर घरातल्या मुलांना विचारा, लाजू नका.

मी आता दर श्रुतपंचमीला हे करायचं ठरवलं आहे. शास्त्रांची वेष्टनं बदलायची, आणि घरी येऊन पेनड्राइव्ह एकदा लावून पाहायचा. दोनशे अकरा मोजायचे. एखादा ऐकायचा. मग परत कपाटात.