विज्ञानयात्रा आणि आपली पटवही

शाळकरी मुलगा परदेशच्या प्रयोगशाळा आठ दिवस पाहून आला की विमानतळावर पुष्पहार, शाळेत सत्कार आणि दैनिकात छायाचित्र, हा विधी आमच्या मध्यमवर्गात आता मुंजीइतकाच ठरीव झाला आहे. गुणी मुलाचे कौतुक करू नये असे कोण म्हणेल? परंतु हार सुकल्यानंतर त्या मुलाचे पुढे काय झाले, हा प्रश्न ज्यांनी त्यास पाठविले त्यांनी विचारावयास हवा. प्रत्यक्षात तो विचारतात ते त्यास बोलाविणारे. आमचा आक्षेप एवढाच आहे. पण तो लहान नाही.

जपानचे उदाहरण घेऊ. तेथील विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने २०१४ साली ‘साकुरा’ या नावाने तरुणांच्या विज्ञान-विनिमयाची योजना काढली. आशियातील विद्यार्थी व नवे संशोधक यांस अल्प मुदतीसाठी बोलवावे, विद्यापीठे व प्रयोगशाळा दाखवाव्या, आपल्या शास्त्रज्ञांशी बोलू द्यावे, असे तिचे स्वरूप. आमच्याकडील ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत चमकलेली शाळकरी मुलेही तिकडे जाऊन आली आहेत. पण योजनेची खरी खुबी पाहुणे परतल्यावर दिसते. आलेला प्रत्येक जण ‘साकुरा सायन्स क्लब’चा सभासद होतो, जुन्या पाहुण्यांचे मेळावे त्यांच्या त्यांच्या देशी भरतात, आणि पुन्हा जपानात शिकावयास वा संशोधनास येण्याच्या वाटा त्यांस दाखविल्या जातात.

यात कपट काही नाही. जपानात अठरा वर्षे वयाच्या तरुणांची संख्या १९९२ साली वीस लाखांवर होती. ती आता अकरा लाखांच्या आसपास उतरली आहे. ज्या घरात मुले कमी झाली त्या घराने शेजारची हुशार मुले ओळखून ठेवावी, हा शहाणा संसार झाला. जर्मनीचे हम्बोल्ट प्रतिष्ठान तर १९५३ पासून हेच करीत आले आहे; त्याची पाठ्यवृत्ती एकदा घेतलेला संशोधक जन्मभर त्याच्या गोतात राहतो. याबद्दल त्यांच्यावर रागावणे म्हणजे लग्नघरच्या यजमानाने आहेराची यादी ठेवली म्हणून रुसणे होय.

प्रश्न आहे तो आमच्या यादीचा. कोणत्या तालुक्यातील कोणती मुलगी कोठे जाऊन आली, काय पाहून आली, आज काय शिकते, याची नोंद तिच्या शाळेत तरी सापडेल काय? अशी मुले महाविद्यालयात आमच्या समोर येऊन बसतात आणि वर्ष सरताना केव्हातरी योगायोगाने आम्हांस ते कळते. यावर कित्येक पालक म्हणतात, “असो, मुलाची दृष्टी तर विशाल झाली!” झाली खरी. परंतु ती विशाल दृष्टी टाकावयाची कशावर? परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुसल्या जाणाऱ्या सूक्ष्मदर्शकांवर, की गेल्या वर्षीच्या वहीतून उतरून काढलेल्या प्रयोगांवर?

दुसरा एक वर्ग अगदी उलट टोकाचा. परदेश दाखविला की मुले परत येत नाहीत, सबब पाठवूच नये, असे त्याचे म्हणणे. या मंडळींनी गोविंद स्वरूप यांचे चरित्र पाहावे. पंचविशीही न गाठलेले स्वरूप १९५३ साली कोलंबो योजनेखाली दोन वर्षांसाठी ऑस्ट्रेलियास गेले व सिडनी येथे रेडिओ-खगोलशास्त्र शिकले. तेथील एका दुर्बिणीच्या सुमारे सहा-फुटी ३२ तबकड्या निकालात निघत होत्या. त्या भारतास देणगी म्हणून मिळाव्या, हे त्यांचे म्हणणे यजमानांनी मान्य केले. मग वाहतुकीच्या खर्चावरून विलंब लागला (हेही आमच्या परंपरेस धरूनच!) आणि स्वरूप अमेरिकेस गेले. येथवर कथा नेहमीचीच. परंतु १९६१ साली ते आणि परदेशातच असलेले मेनन, कुंडू व कृष्णन यांनी मिळून भारतातील संस्थांस लिहिले की, आम्ही एकत्र परत येऊन या शास्त्राचा गट उभारू इच्छितो. होमी भाभांनी तारेने होकार कळविला. १९६३ साली स्वरूप मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९६५ साली सिडनीच्या त्याच तबकड्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या. १९७० साली उटीची दुर्बीण झाली, आणि पुढे नारायणगावाजवळ खोडद येथील, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची.

परदेशी शिक्षणाने हे सारे आपोआप घडले काय? चौघे एकमेकांस धरून होते, आणि त्यांच्या पत्रास उत्तर देणारा एक मनुष्य इकडे जागा होता. ते उत्तर आले नसते तर चार उत्तम संशोधक तिकडच्याच कोणत्या तरी यादीत सन्मानाने राहिले असते.

दोन वर्षांच्या शिक्षणाची बरोबरी आठ दिवसांच्या भेटीशी होत नाही, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच मागणी लहान आहे. परतलेल्या विद्यार्थ्याचे नाव जिल्ह्याच्या एका वहीत यावे. त्याने वर्षभर महिन्यातून एक दिवस शेजारच्या शाळेच्या प्रयोगशाळेत लहान मुलांबरोबर हाताने काम करावे. पुढील वर्षी जाणाऱ्याची व त्याची गाठ घालून द्यावी. सत्काराच्या खर्चात एवढे सहज बसते.

आणि आम्ही सदैव पाहुणेच का राहावे? यजमानपण आम्हांस जमत नाही असे नाही. २०१५ साली भौतिकशास्त्राचे आणि २०२५ साली खगोलशास्त्राचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईतच पार पडले. खोडदच्या दुर्बिणीपाशी विज्ञानदिनी परिसरातील शाळांचे प्रदर्शन भरत आले आहे. त्या दिवसांत नेपाळची वा केनियाची दहा मुले जुन्नर तालुक्यातील घरोघरी आठ दिवस उतरावी, त्यांनी आमच्या मुलांबरोबर तेथे काम करावे, आणि जाताना त्यांची नावे व पत्ते आमच्या वहीत लिहून घ्यावे. खोल्या आहेत, दुर्बीण आहे, पाहुणचार तर आमच्या गावांस शिकवावा लागत नाही. वही तेवढी अजून कोणी उघडलेली दिसत नाही.