पाहुण्यांना वायफाय द्या, घराची किल्ली नको



पूर्वी पाहुणा दारात आला की आधी गूळ-पाणी, मग ख्यालीखुशाली आणि मग जेवणाचा आग्रह असा क्रम असायचा. आम्ही कोल्हापूरकर तर तांबडा-पांढरा खायला घातल्याशिवाय पाहुण्याला सोडतच नाही. आता या क्रमात एक नवीन प्रश्न शिरला आहे. पाहुणा चप्पल काढता काढताच विचारतो, "वायफायचा पासवर्ड काय हो?"

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे सात-आठ पाहुणे होते. प्रत्येकाला पासवर्ड सांगायचा म्हणजे एक शुद्धलेखनाचा तासच! "पहिलं अक्षर कॅपिटल, मग ॲट, मग साल..." दोघांचं चुकायचं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी वैतागून मी वायफायचा क्यूआर कोड तयार केला, छापला आणि टीव्हीशेजारच्या भिंतीवर चिकटवला. कॅमेरा धरला की जोडणी झाली. पाहुणे खूश, मीही खूश.

मग घडले ते असे

जानेवारीत मुलीचा वाढदिवस झाला. केक कापतानाचा फोटो मी हौसेने स्टेटसला ठेवला. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी पाहते तर आमच्या कंपाउंडच्या कट्ट्यावर गल्लीतली चार मुलं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. त्यातला एक माझ्याच वर्गातला. विचारलं, "काय रे, इथं काय करताय?" तर तो अगदी सरळपणे म्हणाला, "मॅडम, तुमचं वायफाय येतंय की इथं."

"पासवर्ड कुणी दिला?"

"तुमच्या स्टेटसवर होता की!"

केकच्या मागे भिंत होती आणि भिंतीवर तो कोड. एकाने आईच्या मोबाईलवर फोटो मोठा केला, दुसऱ्याने तो स्कॅन केला. झालं!

पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला सांगू? पण विचार केल्यावर कळलं, की चूक मुलांची नव्हती. दारावर किल्ली लटकवून तिचा फोटो मीच गावभर वाटला होता. त्याहून मोठी भीती नंतर वाटली. तो पासवर्ड म्हणजे मुलीचं नाव आणि जन्मसाल. तोच मी ई-मेललाही ठेवला होता. त्या रात्री दोन्ही बदलले, मगच झोपले.

त्या चौकोनात असते काय?

आपण शिक्षक क्यूआर कोडला नवखे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही कोड आले. डिसले सरांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झाले आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे आपल्याला ठाऊक आहेच.

पण पुस्तकावरचा कोड आणि माझ्या भिंतीवरचा कोड यांत मोठा फरक आहे. पुस्तकातल्या कोडमागे कविता असते, धडा असतो. तो जितक्यांनी उघडावा तितके चांगले. वायफायच्या कोडमध्ये मात्र नेटवर्कचे नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड असतो. तोही साध्या अक्षरांत, कुलूप न लावता. कोड वाचणारे कोणतेही साधे ॲप तो पासवर्ड जसाच्या तसा दाखवू शकते.

हा कोड १९९४ साली जपानमधील देन्सो वेव्ह कंपनीचे मासाहिरो हारा यांनी तयार केला तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. माहिती पटकन आणि नीट वाचली जावी, हाच त्याचा उद्देश. थोडा मळला, फाटला तरी तो वाचता येतो. म्हणूनच माझ्या फोटोतला लहानसा, जरासा तिरका कोडही मुलांना वाचता आला. लपवण्यासाठी तो बनलेलाच नाही. आपल्याला तो वाचता येत नाही, म्हणून तो गुप्त आहे असे आपल्याला वाटते, एवढेच.

मग कोड लावायचाच नाही का?

काही सहकारी म्हणाले, "काढून टाका ती भानगड." मला हे पटत नाही. पासवर्ड मोठ्याने सांगणे तरी कुठे सुरक्षित आहे? शिवाय सांगायला सोपा जावा म्हणूनच आपण मुलांची नावे, जन्मतारखा, मोबाईल नंबर पासवर्ड म्हणून ठेवतो. कोड असला की कुणाला काही टाईप करायचे नसते. त्यामुळे पासवर्ड चांगला वीस अक्षरी आणि आडवातिडवा ठेवता येतो. म्हणून कोड जरूर लावा, फक्त पुढची काळजी घ्या.

१. बऱ्याच राऊटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' अशी सोय असते. ते सुरू करून फक्त त्याचाच कोड छापा. पाहुण्यांना इंटरनेट मिळते, पण घरचा प्रिंटर, लॅपटॉप वेगळ्या नेटवर्कवर राहतात. पाहुण्याला आपण सोप्यात बसवतो, तिजोरीच्या खोलीत नाही, तसेच हे.

२. कोड तयार करायला अनोळखी वेबसाईटवर पासवर्ड टाकू नका. अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या मोबाईलमध्ये वायफायच्या सेटिंगमध्येच 'शेअर' केल्यावर कोड मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट छापा आणि काम झाल्यावर तो मोबाईलमधून काढून टाका.

३. छापलेला कोड आपोआप बंद होत नाही. लग्नकार्य, वाढदिवस, सण झाला की पासवर्ड बदला आणि नवीन कागद लावा. गेस्ट नेटवर्क असले तरी बाहेरच्या जगाला ते आपलेच कनेक्शन दिसते. कुणी काही उपद्व्याप केला तर आधी विचारणा आपल्याकडेच होणार.

४. फोटो टाकण्यापूर्वी मागची भिंत बघा!

शाळेतही हेच. पालक मेळाव्याला, प्रशिक्षणाला आलेल्यांना जरूर वायफाय द्या. पण ज्या नेटवर्कवर आपण शालार्थ आणि यू-डायसची कामे करतो, त्याचा कोड ऑफिसच्या दारावर नको. त्या संगणकात आपल्या मुलांची माहिती असते.

मुलांना काय शिकवायचे?

रंकाळ्यावर भेळेच्या गाडीला क्यूआर, भाजीवाल्या मावशींकडे क्यूआर, पुस्तकात क्यूआर. आपली मुलं दिवसभर हे चौकोन बघतात, पण त्यात काय असते हे आपण त्यांना कधी सांगितलेच नाही. मी वर्गात एक छोटा उपक्रम घेतला. चार कोड छापून नेले. एकात 'शाबास' हा शब्द, एकात कोडे, एकात कवितेची लिंक आणि एकात बनावट वायफायचा पासवर्ड. स्कॅन करण्यापूर्वी विचारले, "कशात काय असेल?" कुणालाच सांगता येईना. सगळे चौकोन सारखेच दिसत होते! मग एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मॅडम, कुणी चिकटवलाय ते आधी बघायचं." मला हवे ते उत्तर तिने एका वाक्यात दिले.

आणि कट्ट्यावरची ती मुलं? तिघं गेम खेळत होती, हे खरं. पण माझ्या वर्गातला तो शिष्यवृत्तीच्या गणिताचा व्हिडिओ बघत होता. त्याच्या घरी दोनच मोबाईल. वडिलांचा त्यांच्याबरोबर कामावर जातो आणि आईच्या मोबाईलचा डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला असतो. घरी एखादा पाहुणा आला की मी न विचारता पासवर्ड देत होते आणि ज्याला खरी गरज होती त्याला तो फोटोतून शोधावा लागला. याचे मला जास्त वाईट वाटले.

आता संध्याकाळी पाच ते सहा आमच्या व्हरांड्यात गेस्ट नेटवर्क सुरू असते. अभ्यास आधी, गेम नंतर, असा नियम आहे. दर महिन्याच्या एक तारखेला पासवर्ड बदलतो आणि नवा कागद चिकटवायचे काम त्या चौघांकडेच दिले आहे.

तुमच्या घरात आणि शाळेत भिंतीवर कोणता कोड लावला आहे, तो आज एकदा स्वतः स्कॅन करून बघा. मुलांनाही जवळ बसवून दाखवा.