मोटारसायकल दोराने बांधा, पोराच्या हाती देऊ नका

आठवडी बाजारांची तिजारत करणाऱ्या आमच्या बांधवांत अलीकडच्या वर्षांत एक नवी रीत पडली आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, आलापल्ली किंवा अहेरीहून एटापल्लीच्या बाजाराला निघणाऱ्या पिकअपमध्ये कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर एक मोटारसायकलही उभी केलेली असते. रीत चांगली आहे, तिच्याविरुद्ध आम्हाला काही म्हणायचे नाही. आमची तक्रार आहे ती त्या मोटारसायकलीचे हँडल धरण्यासाठी डाल्यात उभ्या केलेल्या पोराबद्दल.

मोटारसायकल का न्यावी लागते हे या धंद्यात नसलेल्यांना सांगायला हवे. माल भरलेली पिकअप एटापल्लीपर्यंत जाते, फार तर कसनसूर किंवा गट्ट्यापर्यंत. त्यापुढच्या टोल्यांवर दोन गठडी मागे बांधून मोटारसायकलच जाऊ शकते. तेंदूपत्त्याचा हंगाम एप्रिल-मेमध्ये येतो, मजुरीचा पैसा लोकांच्या हातात पडतो, लग्ने त्याच सुमारास असतात आणि पावसाळा लागण्याच्या आत माडिया कुटुंबे लुगडी, लुंग्या, टॉवेल, मच्छरदाण्या घेऊन ठेवतात. त्या पंधरा-वीस दिवसांत जो टोल्यावर पोहोचला त्याचा माल गेला, जो बाजारातच बसून राहिला त्याचे गठ्ठे पुढच्या साली उघडले जातात. शिवाय उधारीची वसुली आहे. ती बाजारात बसून होत नाही, दारात जावे लागते. तेव्हा पिकअप बाजारात उभी, एक माणूस दुकानावर आणि दुसरा मोटारसायकलवर, हा हिशेब अगदी बरोबर आहे.

पण ही मोटारसायकल नेतात कशी? चार जण मिळून उचलतात, साइड स्टँडवर तिरपी उभी करतात, एखादी सुतळी किंवा साडीचा फाटका पट्टा हँडलला गुंडाळतात आणि कामावरच्या पोराला सांगतात, "धरून बस." पोरगा कधी गठ्ठ्यांवर बसतो, कधी चक्क मोटारसायकलवर टांग टाकून बसतो. मालक आणि ड्रायव्हर कॅबिनमध्ये.

आलापल्ली ते एटापल्ली हा रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. २०२१ नंतर सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक वाढली आणि जड ट्रकांनी या भागातल्या रस्त्यांवर किती भार टाकला हे तेथे जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. समोरून ट्रक आला की पिकअपला एकदम कडेला उतरावे लागते, कधी करकचून ब्रेक मारावा लागतो. अशा वेळी शंभर-सव्वाशे किलोचे लोखंड एका बाजूला झुकले तर ते अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या दोन हातांनी थांबेल काय? ते त्याला घेऊनच पडते. आमच्या माहितीत एका व्यापाऱ्याचा नोकर असाच रपट्याच्या वळणावर मोटारसायकलीसह फाळक्यावर आदळला. मनगट मोडले, दोन महिने घरी बसला. दवाखान्याचा खर्च शेटने दिला, तेवढी माणुसकी त्यांच्यात होती. पण घरी बसलेल्या दोन महिन्यांचा रोज कोणी दिला, हे आम्ही विचारले तेव्हा उत्तर मिळाले नाही.

आता विम्याचे पाहू, कारण पुष्कळ बांधवांची समजूत आहे की गाडीचा विमा आहे म्हणजे सगळे निभते. विम्याचे कागद इंग्रजीत असतात. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांनी ते कोणाकडून तरी वाचून घ्यावेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली. तिच्यामुळे मालगाडीतून मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला प्रतिनिधी याला सक्तीच्या विम्याचे संरक्षण मिळाले. पण फुकटात किंवा भाडे देऊन मालगाडीत बसलेल्या इतरांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. आणि २००७ सालच्या निकालात तर असे म्हटले की मालाचा मालक म्हणजे कॅबिनमध्ये बसून जाणारा. मागे मालावर बसलेला नव्हे. गाडीमालकाचा स्वतःचा नोकर असेल तर त्याचा विचार वेगळा होतो. पण आपण पिकअप भाड्याने घेतो. म्हणजे मागे उभा असलेला पोरगा गाडीमालकाचा नोकर नाही, आपला आहे. त्याला काही झाले तर कंपनी हात वर करते, किंवा कोर्टाच्या हुकमाने आधी पैसे भरते आणि मग गाडीमालकाकडून वसूल करते. गाडीमालक कोणाच्या दारात येईल हे सांगायला नको.

यावर आमचे काही बुजुर्ग म्हणतात, तीस वर्षे बाजार करतो, अल्लाहच्या कृपेने काही झाले नाही. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा ही शिकवण सर्वांनी ऐकलेली आहे, ती आम्ही येथे पुन्हा सांगत बसत नाही. आमचा सवाल इतकाच आहे की उंट बांधला कशाने? सुतळीने बांधलेल्या उंटाला बांधलेला म्हणता येत नाही. आणि तीस वर्षांपूर्वी कोणाच्या पिकअपमध्ये मोटारसायकल होती? तेव्हा आपण एस.टी.च्या टपावर गठ्ठे टाकून जात होतो.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात शेतकरी व शिकारी एटीव्ही नावाची रुंद टायरांची, उघडी, चार चाकांची गाडी पिकअपमध्ये घालून रानाच्या कडेपर्यंत नेतात. तिचे वजन अडीचशे-तीनशे किलो, म्हणजे आपल्या मोटारसायकलीच्या अडीच पट. चार माणसांनी उचलून टाकण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून तिथल्या लोकांना फळ्या लावून चढवणे, त्या फळ्या साखळीने गाडीला जखडणे आणि चार कोपऱ्यांना पट्टे आवळणे हे सारे शिकावे लागले. आपली मोटारसायकल हलकी आहे, हाताने उचलता येते, म्हणून आपण बांधायचे शिकलोच नाही. खरे तर दोन चाकांची वस्तू चार चाकांच्या वस्तूपेक्षा लवकर पडते. बांधण्याची गरज आपल्यालाच जास्त आहे.

तेव्हा पद्धत सांगतो. यात नवे काही नाही, ट्रकवाल्यांना आणि मिस्त्रींना हे सर्व ठाऊक आहे.

चढवण्यासाठी दीड-दोन इंच जाडीची, एक फूट रुंद सागवानी फळी पुरे. आलापल्लीच्या परिसरात सागवान शोधायला जावे लागत नाही, मात्र पावतीची घ्यावी. फळीची लांबी जमिनीपासून डाल्याच्या उंचीच्या तिप्पट असावी, म्हणजे चढ सोपा होतो. फळीच्या वरच्या टोकाला लोखंडी पट्टीचा आकडा ठोकून तो डाल्याच्या कडेला अडकवावा आणि साखळीने बांधावा. फळी मागे सरकून मोटारसायकल पाठीवर येते, बहुतेक अपघात असेच होतात. पिकअपचा हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावा. मोटारसायकल चालवत वर नेऊ नये. इंजिन बंद करून एकाने डाव्या बाजूने हँडल व ब्रेक धरून चालावे, दुसऱ्याने बाजूने कॅरियर धरून रेटावे. सरळ मागे कोणीही उभे राहू नये.

वर गेल्यावर पुढचे चाक कॅबिनमागच्या जाळीला सरळ टेकवावे. तिरपे नको. साइड स्टँडवर उभी करू नये. खड्ड्यात गाडी उसळली की स्टँड वाकतो आणि त्याबरोबर मोटारसायकल कलंडते. स्टँड वर घ्यावा, पहिला गिअर टाकावा आणि चार दिशांनी बांधावे. पुढचे दोन दोर हँडलला नव्हे तर हँडलच्या खाली, शॉकअपच्या वरच्या पट्टीला घ्यावेत आणि डाल्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांतल्या हुकांना खाली ओढावेत, इतके की पुढचे शॉकअप निम्मे दबेल. शॉकअप दबलेले नसेल तर दर खड्ड्याला दोर सैल पडतो आणि हुकातून निघतो. मागचे दोन दोर कॅरियरखालच्या फ्रेममधून मागच्या दोन कोपऱ्यांना. नायलॉनचा दोर ताणतो, म्हणून ट्रकवाले ताडपत्री आवळताना मध्येच फास घेऊन त्यातून टोक ओढतात तसे आवळावे. त्याहून बरे म्हणजे दात्यांच्या कळीचे पट्टे. चार पट्टे चार-पाच साध्या लुगड्यांच्या किमतीत येतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरवर एकदा थांबून हात लावून पाहावे. आलापल्लीला चहा घ्यायला थांबतोच, तेव्हा पाहिले तरी चालेल.

गाडीच्या मापाचाही विचार करावा. छोटा हत्ती, म्हणजे टाटाची २००५ साली आलेली एस, तिचा डाला साधारण सात फुटांचा आणि मोटारसायकल साडेसहा फुटांची. फाळका जेमतेम लागतो आणि गठ्ठ्यांना बाजूची जागा उरते. मग लोक फाळका उघडा ठेवून मागचे चाक बाहेर लोंबकळत नेतात, गठ्ठे पुढे नीट बसावेत म्हणून. हे उलटे झाले. मोटारसायकल आधी, पुढे, सरळ. गठ्ठे मागाहून, तळाशी जड आणि वर हलके. जागा पुरत नसेल तर मोठी पिकअप दोघांनी मिळून करावी. एटापल्लीला जाणारे कापडवाले, बांगडीवाले, भांडेवाले एकाच रस्त्याने जातात. वेगवेगळ्या तीन छोट्या गाड्या करण्यापेक्षा भाड्यातही बचत आहे. एकमेकांचा माल आणि भाव एकमेकांना दिसू नये म्हणून वेगळे जाण्याची जी हौस आहे, तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

कापडवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. नुकत्याच चालवून आणलेल्या मोटारसायकलीचा सायलेन्सर अर्धा तास तरी गरम असतो आणि त्याला टेकलेला पॉलिस्टरचा गठ्ठा वितळतो. सायलेन्सरच्या बाजूला गठ्ठा लावूच नये, तेथे भांड्यांची पेटी किंवा तंबूचे बांबू ठेवावेत. पेट्रोलचा कॉक बंद करावा. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना बहुतेक कॉक नसतो, तेव्हा टाकीचे झाकण घट्ट आहे ना हे पाहावे आणि टाकी गच्च भरून चढवू नये. पेट्रोलचा वास लागलेले लुगडे कोणी घेत नाही, आणि आगीचे भय वेगळेच. ताडपत्रीचा दोर मोटारसायकलीला बांधू नये. वाऱ्याने ताडपत्री फुगली की ती मोटारसायकल ओढत राहते.

यात आमच्या वेल्डिंग आणि बॉडीचे काम करणाऱ्या कारागीर बांधवांना धंदाही आहे. डाल्याच्या तळाला पुढच्या चाकासाठी लोखंडी खोबण, चारही कोपऱ्यांना पक्के हुक आणि फाळक्यालाच बिजागऱ्यांनी दुमडणारी जाळीची फळी, एवढे काम करून दिले तर बाजाराला जाणारा प्रत्येक पिकअपवाला घेईल. खोबणीत चाक बसले की मोटारसायकल बांधून होईपर्यंत स्वतःच उभी राहते, धरायला माणूस लागत नाही. मात्र डाल्याचा सांगाडा कापून किंवा लांबवून काही करू नये, त्याने पासिंगला अडचण येते. बोल्टाने बसणारे व काढता येणारे काम करावे.

आणि पोरगा? त्याला कॅबिनमध्ये घ्यावे. कॅबिनमध्ये जागा नसेल तर त्याने बसने यावे, तिकिटाचे पैसे आपण द्यावेत. ड्रायव्हर, मालक आणि मालकाचा मेहुणा अशी तीन माणसे कॅबिनमध्ये बसून नोकराला मागे उभे करतात, तेव्हा जागेचा प्रश्न कोणासाठी आहे हे आम्हाला समजते. मेहुण्याने बसने यावे.

शेवटची बाब एटापल्ली नगरपंचायतीकडे नेण्याची आहे. रेल्वेच्या मालधक्क्यावर फलाट डब्याच्या दाराला समपातळीत असतो, म्हणून तेथे माल ढकलता येतो, उचलावा लागत नाही. बाजाराच्या जागेजवळ डाल्याच्या उंचीचा, एका बाजूने उतार असलेला दगडमातीचा एक धक्का बांधून द्यावा अशी मागणी आपण सर्वांनी मिळून करायला हवी. त्याचा उपयोग मोटारसायकलीला होईलच, पण धान्याची पोती, गाद्या, शिलाई मशिनी, शेळ्या-बकऱ्या यांनाही होईल. बाजाराच्या बैठकीचे पैसे आपण दर आठवड्याला भरतो. मागणी कापडवाल्यांच्या एकट्याच्या नावाने करू नये. भाजीवाले, मोहफुले व धान्य घेणारे, मडकी विकणारे कुंभार, सर्वांच्या सह्या घ्याव्यात. अर्ज तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी गेला पाहिजे, कारण पाऊस लागल्यावर तेथे मातीकाम होत नाही आणि मग गोष्ट सरळ पुढच्या वर्षावर जाते.