विश्लेषण : दिवाळीची भेट म्हणून मध... पण अस्सल कसा ओळखायचा?

दिवाळी जवळ आली की माजिवडा नाक्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंतच्या दुकानांत भेटवस्तूंचे खोके रचले जातात. मिठाई आणि सुकामेव्याच्या जोडीला मधाच्या आकर्षक बाटल्याही दिसतात. मात्र बाटलीत मध आहे की साखरेचा पाक, हे चवीवरून सहज कळत नाही. त्यामुळे खरेदी करताना नेमके काय पाहावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मधाविषयी शंका का?

दिल्लीतील ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने डिसेंबर 2020 मध्ये मधाच्या 13 ब्रँडची तपासणी जाहीर केली. देशातील नेहमीच्या चाचण्यांत बहुतेक ब्रँड उत्तीर्ण झाले. मात्र जर्मनीतील प्रयोगशाळेतील एनएमआर चाचणीत 13 पैकी 10 ब्रँड नापास झाले. कंपन्यांनी हे निष्कर्ष फेटाळले होते.

भेसळ सापडत का नाही?

ऊस आणि मका या वनस्पती कर्ब वायू ज्या पद्धतीने शोषतात, त्याला ‘सी-4’ म्हणतात. बहुतेक फुलझाडांची पद्धत ‘सी-3’ असते. त्यामुळे उसाची साखर मधात मिसळली तर ती पकडता येते. तांदूळ आणि बीट मात्र फुलझाडांप्रमाणेच ‘सी-3’ गटातील आहेत. त्यांचा पाक मिसळल्यास ही चाचणी हुकते. एनएमआर चाचणीत मधातील अनेक घटकांचा एकत्रित ठसा तपासला जातो. त्यामुळे अशी भेसळ उघड होऊ शकते.

घरगुती चाचण्या उपयोगाच्या आहेत का?

पाण्यात थेंब टाकणे, मधात बुडवलेली वात पेटवणे, अंगठ्याच्या नखावर थेंब ठेवणे या चाचण्या मधाचा दाटपणा किंवा ओलावा दाखवतात, शुद्धता नाही. दाट पाकही त्यांत उत्तीर्ण होतो. मध गोठणे हेही भेसळीचे लक्षण नाही. ग्लुकोजचे प्रमाण जास्त असलेला मध, उदाहरणार्थ मोहरीचा, लवकर गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. बादलीत पोळ्याचा तुकडा ठेवून दारोदारी विकला जाणारा मधही केवळ तेवढ्यावरून खरा मानता येत नाही.

लेबलवर काय पाहावे?

देशातील मानकांनुसार मधात 20 टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नाही आणि ‘मध’ म्हणून विकताना त्यात दुसरा कोणताही खाद्यघटक मिसळता येत नाही. त्यामुळे घटकांच्या यादीत ग्लुकोज, साखर किंवा ‘हनी फ्लेवर’ असेल तर तो मध नव्हे. 14 अंकी परवाना क्रमांक व्यवसायाची नोंद दाखवतो, शुद्धतेची हमी देत नाही. बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि मध कोठला हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. मेपल सिरपबाबतही हेच लागू पडते. खरे सिरप म्हणजे मेपल झाडाचा रस आटवून केलेला पाक. ‘मेपल फ्लेवर’ लिहिलेली बाटली बहुतेकदा साध्या साखरेच्या पाकाची असते.

राज्यात पर्याय कोणते?

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर परिसर मधासाठी प्रसिद्ध आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे गाव 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तेथील जांभूळ, हिरडा अशा फुलांच्या मधाचा रंग आणि चव हंगामानुसार बदलते. त्यामुळे दोन बाटल्यांत फरक असणे स्वाभाविक आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची विक्री केंद्रे किंवा थेट मधपाळ यांच्याकडून घेतल्यास मध कोठून आला, हे विचारता येते. स्वस्त पाकाशी स्पर्धा करावी लागल्याने मधपाळांच्या मधाचा भाव पडतो. त्यामुळे या चौकशीचा फायदा त्यांनाही होतो.

शंका आल्यास काय करावे?

अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 नुसार ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. नमुना नियमबाह्य आढळल्यास शुल्क परत मिळते.

आणखी एक काळजी म्हणजे, भेट देण्याच्या घरात एक वर्षाखालील बाळ असेल तर त्याला मध चाटवू नये, असे आवर्जून सांगावे. अस्सल मधातही बॉट्युलिझमचे जिवाणूबीज असू शकतात.