जुना पेटारा घरी आणताय?

सौराष्ट्रात मुलीला लग्नात द्यायचे ते पटारे पाहिलेत का? सागवानी, वर पितळेचे पत्रे ठोकलेले आणि खाली चक्क चाकं! आता असे पटारे मुंबईच्या चोरबाजारात जुन्या सामानात मिळतात.

मोह होतोच. मलाही झाला. स्वस्तात एक लाकडी पेटी आणली आणि पंधरा दिवसांत तिच्याखाली पिठासारखा भुसा! लाकडाला कीड होती. म्हणून नक्षी पाहण्याआधी तळ आणि मागची बाजू पाहा. बारीक भोकं दिसली तर टिचकी मारा. नुसती भोकं जुनी असू शकतात, पण ताजा भुसा पडला तर कीड बहुधा अजून आत आहे. मग आधी पेस्ट कंट्रोल, पॉलिश नंतर.

कपाट असेल तर खण बाहेर काढून कोपरे बघा. हाताने कापलेले सांधे थोडे कमी-जास्त असतात. सगळे अगदी एकसारखे असतील, तर ‘शंभर वर्षं जुनं’ ऐकून लगेच पैसे काढू नका. पितळ मात्र घासून चकचकीत करू नका हं, त्या काळसर रंगालाच तर भाव असतो.

आणि हो, आजीची पेटी माळ्यावर पडली असेल, तर आधी तीच खाली उतरवा.